सरखेलांची गोदी

आमच्या सोसायटीतले पुरुष पन्नाशी उलटली की साधारण ठरलेल्या वाटांनी जातात. कुणी पहाटे बागेत जाऊन कारण नसताना हसायला लागतो, कुणी कमिटीवर जाऊन पाण्याच्या टाकीवरून भांडायला लागतो, कुणी दिसेल त्या नातेवाइकाला म्युच्युअल फंड समजावून सांगतो. सरखेल यांपैकी कुठेच गेले नाहीत. ते रोज संध्याकाळी ऑफिसातून येतात, हातपाय धुतात, चहा घेतात आणि ग्रिल लावून बंद केलेल्या आपल्या गॅलरीत शिरून आतून कडी घालतात. थोड्या वेळाने आतून खळखळ ऐकू यायला लागते. खालच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या बाईंनी वहिनींना जिन्यात गाठून विचारलं होतं, "तुमच्याकडे रोज एवढे कसले वाटाणे निवडतात हो?"

वाटाणे नव्हेत. लेगोच्या विटा. आणि त्या गॅलरीचं नाव गोदी.

सरखेल हे आडनावही नव्हे. कान्होजी आंग्र्यांना जी पदवी होती ती आम्ही मजल्यावरच्या मंडळींनी यांना परस्पर बहाल केली, आणि यांनी हरकत घेतली नाही. नोकरीने ते लेखापरीक्षक. दिवसभर लोकांच्या हिशेबातल्या चुका काढायच्या आणि रात्री प्लास्टिकच्या विटांतून शिडाची जहाजं उभारायची, असा त्यांचा प्रपंच. डोंबिवलीत असा माणूस एकटाच असेल असं मला आधी वाटत होतं. तसं नाही. ही एक जातच आहे. फक्त ती कड्या लावून घेत असल्यामुळे दिसत नाही.

तरी ओळखायच्या खुणा आहेत. खेळण्यांच्या दुकानात हा माणूस मूल बरोबर नसताना शिरतो. विक्रेत्या मुलीने "कुणासाठी बघताय?" विचारलं की "भाच्यासाठी" म्हणतो. गिफ्ट पॅक करू का म्हटलं की करायला लावतो, आणि घरी येऊन तो कागद स्वतःच सोडवतो. एकदा मी सरखेलांबरोबर होतो. मुलीने सहज विचारलं, "भाच्याचं वय काय, सर?" सरखेल खोक्यावरचं चित्र बघण्यात गुंगले होते. म्हणाले, "बावन्न." मुलीच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. तिने शांतपणे वेगळ्या फडताळाकडे हात केला. २०२० पासून कंपनी मोठ्यांसाठीचे संच काळ्या खोक्यांत विकते आणि त्यांवर १८+ असं छापते. सरखेल त्या आकड्याचा उल्लेख सर्वोच्च न्यायालयाच्या निकालासारखा करतात. हे आपलं वय नाही, असं त्यांना आता कुणी म्हणू शकत नाही.

‘खेळणं’ हा शब्द त्यांना चालत नाही. ‘खेळतात’ तर मुळीच नाही. "हे काय खेळत बसलेत" असं त्यांच्या मेव्हण्याने एका भाऊबीजेला म्हटलं होतं. पुढच्या भाऊबीजेला मेव्हण्याला भेट लिफाफ्यात, व्हाउचरला टाचून, सही घेऊन मिळाली. खरं तर मेव्हण्याने रागावायचं कारण नव्हतं आणि सरखेलांनीही नव्हतं, कारण ते खरोखर खेळत नाहीत. हा माणूस गोदीत गेला की ऑफिसात असतो त्याहून जास्त ऑफिसात असतो.

नियमच बघा. वीट कापायची नाही. रंगवायची नाही. तिला भोक पाडायचं नाही. चिकटवायची नाही, त्या घरात ‘फेविकॉल’ हा शब्द सणासुदीला उच्चारत नाहीत. दुसऱ्या कंपनीची वीट, मग ती कितीही हुबेहूब असो, उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही. ओळखायची खूण सोपी आहे. लेगोच्या प्रत्येक विटेवर जे गोल उंचवटे असतात, ज्यांना ही मंडळी स्टड म्हणतात, त्या प्रत्येकावर कंपनीचं नाव कोरलेलं असतं. सरखेल ते भिंगातून तपासतात. आणि सगळ्यांत कडक नियम म्हणजे तुकड्यावर ताण देऊन जोड करायचा नाही. असे जोड ‘बेकायदेशीर’ समजले जातात. कंपनीच्या स्वतःच्या डिझायनरांनाही ते करायला मनाई आहे. एकदा एका जहाजाच्या पोटात, जिथे देवाचीही नजर पोचणार नाही अशा जागी, एक पट्टी किंचित तिरपी बसली होती. रात्री एक वाजता सरखेलांना झोपेतून तिची आठवण झाली. उठून त्यांनी जहाज मधोमध उलगडलं, पट्टी सरळ केली आणि मग निजले. इतरांच्या हिशेबात तेवढी तिरपी पट्टी ते कधी कधी सोडूनही देतात, असं त्यांच्या ऑफिसातले लोक सांगतात.

या कडकपणामागे श्रद्धा आहे. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या या विटेच्या जोडाचं पेटंट २८ जानेवारी १९५८ रोजी दाखल झालं, आणि त्या साली निघालेली वीट आज निघालेल्या विटेवर घट्ट बसते. "तेव्हापासून एक शुद्धिपत्रक नाही!" सरखेल हे वाक्य इतक्या भरल्या गळ्याने म्हणतात की ऐकणाऱ्याला उगाच आपल्या देशाची लाज वाटते. तसंच ते आठ स्टडच्या, एकाच रंगाच्या सहा विटांचं. सहाच विटा, पण त्या ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे जोडता येतात. वहिनींचं यावर एवढंच म्हणणं आहे की त्यांतल्या एकाही प्रकारात जेवणाचं टेबल मोकळं राहत नाही.

गोदीतली मांडणी बघण्यासारखी आहे. नवशिका माणूस विटा रंगाप्रमाणे वेगळ्या करतो. मुरलेला आकाराप्रमाणे करतो, कारण तांबड्या ढिगातून तांबडाच बारीक तुकडा शोधताना डोळे फुटतात, पण एका आकाराच्या ढिगातून तांबडा तुकडा चटकन उठून दिसतो. ही गोष्ट सरखेलांना कळली तेव्हा त्यांचं रंगाप्रमाणे वर्गीकरण नुकतंच पूर्ण झालं होतं. ते पुन्हा शून्यापासून बसले, आणि त्या वर्षी कुठेही सहलीला गेले नाहीत. डबे मात्र घरचेच: औषधाच्या गोळ्यांचे, पानाचे, लोणच्याच्या बरण्या. वहिनींचं मिसळणही त्यात गेलं. हळदीच्या वाटीत सोनेरी नळ्या, मोहरीच्या वाटीत खलाशांचे हात. वहिनी सध्या मोहरी पिशवीतूनच घालतात, आणि घालण्यापूर्वी एकदा बघतात.

माल येतो कसा, ही वेगळी कथा. आपल्याकडे परदेशी खेळण्यांवरची जकात २०२० साली वीस टक्क्यांवरून साठ झाली आणि २०२३ साली सत्तर. सरखेलांना अर्थसंकल्पातली एवढीच ओळ पाठ आहे. परिणाम असा, की परदेशातून येणारा प्रत्येक नातेवाईक त्यांच्या लेखी एक मालवाहू तरांडं झाला. पूर्वी न्यू जर्सीचा पुतण्या चॉकलेटं आणायचा. आता त्याच्या बॅगेत मोज्यांमध्ये तपकिरी उतरत्या विटा असतात. त्या तो ऑनलाइन सुट्या, नगावर घेतो. यादी इथून जाते, भाग क्रमांक आणि रंगासकट. पुतण्याची बायको मराठी आहे, पण या एका विषयावर ती त्याच्याशी इंग्रजीत बोलते.

लंडनला जाणाऱ्यांची परीक्षा आणखी अवघड. १३ फेब्रुवारी १९९७ रोजी ‘टोकियो एक्स्प्रेस’ नावाच्या मालवाहू जहाजावरून इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळ वादळात कंटेनर समुद्रात पडले. त्यांतल्या एकात लेगोचे सुमारे ४८ लाख तुकडे होते, आणि योगायोग असा की त्यांतले पुष्कळसे समुद्राचेच: पाणबुड्यांचे पायपंखे आणि ऑक्टोपस. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर ते अजून वाहून येतात. "चार हजार दोनशे ऑक्टोपस त्या पाण्यात आहेत," सरखेल म्हणतात, "आणि माझ्याकडे एकसुद्धा नाही." त्यामुळे मुलाला भेटायला लंडनला निघालेल्या साठे काकूंना ते हळूच सांगतात की कॉर्नवॉल तिथून रेल्वेने पाच-एक तासच आहे, आणि सकाळी भरती उतरल्यावर वाळूत बघायचं असतं. काकूंनी येताना बकिंगहॅम पॅलेसचं फ्रिज मॅग्नेट आणलं. सरखेलांनी ते उलटं करून पाहिलं.

जहाजाचं खूळ कुठून आलं हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. १९८९ साली कंपनीने समुद्री चाच्यांची मालिका काढली. तिच्यातलं सर्वांत मोठं जहाज, क्रमांक ६२८५. शाळेतल्या एका मित्राच्या मस्कतच्या काकांनी ते आणलं होतं. मित्राच्या आईने ते शोकेसमध्ये ठेवून शोकेसला कुलूप लावलं. सरखेलांनी त्या काचेला नाक लावून पूर्ण मे महिना काढला. आता ते जहाज विकत घेण्याइतके पैसे त्यांच्याकडे आहेत, पण ते घेत नाहीत. का, असं विचारलं तर म्हणतात, "त्याचा सांगाडा आयता आहे. चार मोठे तुकडे जोडले की झालं. त्यात बांधणं काय?" माझ्या मते खरं कारण कुलपाचं आहे, पण लेखापरीक्षकाला कारण विचारायचं नसतं, त्याने विचारायचं असतं.

तर त्यांनी ठरवलं, मराठी माणसाने गुराब बांधायचं. आंग्र्यांच्या आरमारातलं गुराब: दोन किंवा तीन डोलकाठ्या, आणि नाळ खाली, लांब, टोकदार पुढे निघालेली, तिच्यावरून समोर मारा करणाऱ्या तोफा. त्या नाळेने सरखेलांचं एक वर्ष खाल्लं. युरोपी जहाजाच्या फुगीर पोटाला लागतील असे बाकदार तुकडे मिळतात, पण ही निमुळती नाळ कुठल्याच संचात नाही. ती आडव्या बसवलेल्या पट्ट्यांतूनच निघू शकते, आणि तिथे गणित येतं. दोन स्टडमधलं अंतर ८ मिलिमीटर, पातळ पट्टीची जाडी ३.२. म्हणजे पाच पट्ट्या एकावर एक रचल्या की बरोबर दोन स्टडची रुंदी होते आणि आडवं उभ्यात बसतं. हे त्यांनी मला एका लग्नाच्या पंगतीत, जिलबी वाढली जात असताना सांगितलं, आणि दाखवण्यासाठी माझ्या पानातले पापड वापरले.

मापाचा प्रश्न खलाशाने सोडवला. लेगोचा माणूस चार सेंटिमीटरचा. त्याला खऱ्या माणसाचा चाळिसावा हिस्सा धरलं, तर तीस मीटरचं जहाज पाऊण मीटरचं होतं, म्हणजे जेवणाच्या टेबलावर मावतं. (तो माणूस उंचीच्या मानाने इतका रुंद आहे की चाळिसाव्या हिश्श्यात तो कुणी खवय्या सावकार ठरेल, पण हे मी बोललो नाही.) शिडं फक्त कंपनीच्या कापडाची. वहिनींनी जुन्या मांजरपाटाचा तुकडा देऊ केला, तेव्हा त्यांना नियम वाचून दाखवण्यात आला. वहिनी मालवणच्या. त्यांनी आयुष्यात शिडं कापडाचीच पाहिली आहेत. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं."

आणि हे जहाज फक्त पाण्यावरच्या भागापुरतं आहे. खाली काही नाही. पोट, तळ, कणा, काही नाही. टेबलावरचा निळा समुद्र जहाजाच्या कमरेशी येऊन थांबतो. "पाण्याखालचं दिसतंय कुणाला?" असं सरखेल म्हणतात. पट्टी तिरपी होती म्हणून रात्री उठणारा माणूस हे म्हणतो, याची मला तेव्हा गंमत वाटली होती.

समुद्र मात्र त्यांनी कसर न करता केला. या छंदात नसलेल्याला वाटतं जहाजाला तुकडे जास्त लागत असतील. नाही, पाण्याला लागतात. पारदर्शक, फिकट निळ्या, एका स्टडच्या हजारो टिकल्या. खाली गडद, वर फिकट, लाटेच्या माथ्यावर पांढऱ्या. पुतण्याच्या तीन फेऱ्या नुसता समुद्र वाहण्यात गेल्या.

राक्षस शेवटी आला. नुसतं जहाज हा देखावा होत नाही, काहीतरी घडत असलं पाहिजे, असं या मंडळींचं शास्त्र आहे. आपल्याकडे महाभारतातल्या समुद्रात तिमिंगिल आहे, वरुणाचा मकर आहे. पण सरखेलांनी अभ्यास करून क्राकेनच घेतला, कारण त्याच्या कागदपत्रांत डेन्मार्क सापडलं. अठराव्या शतकाच्या मध्यावर बर्गनच्या बिशप पोंटोपिडानने नॉर्वेच्या निसर्गावर ग्रंथ लिहिला आणि क्राकेनच्या पाठीचा घेर दीड मैल ठरवला. बिशप जन्माने डेन. पुढे १८५७ साली ज्याने खऱ्या महाकाय माकुलाला शास्त्रीय नाव दिलं तो स्टीनस्ट्रुपही डेन. "वीट त्यांची, राक्षस त्यांचा," सरखेल म्हणाले, "फक्त जहाज आपलं." देखाव्याची ठेवण त्यांनी देनी द मॉन्फोर या फ्रेंच निसर्गअभ्यासकाच्या चित्रावरून उचलली. १८०० च्या सुमाराला छापलेलं ते चित्र: तीन डोलकाठ्यांचं जहाज आणि त्याला कवळून वर चढणारा ऑक्टोपस. खलाशांनी सुटका झाल्यावर नवस फेडायला सेंट-मालोच्या एका प्रार्थनाघरात टांगलेल्या चित्रावरून त्याने ते केलं होतं म्हणे. त्यानंतर जगातल्या प्रत्येक राक्षसाने जहाजाला तसंच धरलं आहे.

आठ हात झाले. प्रत्येकात गोळ्याचे सांधे, खालच्या बाजूला टिकल्यांच्या चोषकांच्या दोन रांगा, टोकाला हत्तीच्या सोंडेचे तुकडे. भलत्या ठिकाणी भलता तुकडा चपखल बसवणं ही या पंथातली परमोच्च सिद्धी आहे. कंपनीनेच एका बोन्सायच्या संचात मोहर म्हणून गुलाबी बेडूक लावले आहेत. डोळ्यांचं तर सरखेलांनी सोनं केलं. महाकाय माकुलाचा डोळा प्राणिसृष्टीतला सर्वांत मोठ्यांपैकी, साधारण सत्तावीस सेंटिमीटरचा. त्याचा चाळिसावा हिस्सा काढला तर जवळजवळ एका स्टडची गोल टिकली येते. मापात! त्यासाठी त्यांनी मधाच्या रंगाची एक पारदर्शक टिकली बसवली, जी एका जुन्या संचातून निघाली होती. दुसरी मिळेना. रंग थोडा उजळ, थोडा गडद, पण तो नाही. त्यामुळे कित्येक महिने राक्षसाला एकच डोळा होता आणि पाहुण्यांना टेबलाच्या उजव्या बाजूलाच बसवलं जाई.

वहिनींनी देखाव्याकडे बराच वेळ पाहिलं आणि माहेरच्या बोलीत विचारलं, "अहो, ह्यां माकूल मां? मगे दोन हात खंय गेले?"

"माकूल नाही हे. ऑक्टोपस. आठच असतात."

"आणि डोळो माकुलाचो कसो?"

लेखापरीक्षणाच्या भाषेत याला आक्षेप म्हणतात. तो आजतागायत प्रलंबित आहे.

गणपतीत सोसायटीने छंदांचं प्रदर्शन भरवलं. पोस्टाची तिकिटं, रांगोळ्या, बाटलीतलं मनी प्लांट, आणि मध्यभागी सरखेलांचं टेबल. गर्दी तिथेच. दुसऱ्या दिवशी सी विंगमधले एक गृहस्थ हात पाठीमागे बांधून आले. देखावा त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिला. म्हणाले, "म्हणजे आंग्र्यांचं जहाज बुडतंय?"

"बुडत नाही. अजून लढाई चालू आहे."

"पण त्याने धरलंय."

"धरलंय."

"१७१८ साली खांदेरीला इंग्रजांना धरता आलं नाही. १७२१ साली कुलाब्याला इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांना मिळून धरता आलं नाही. आणि तुमच्या या... याने धरलं?"

सरखेलांकडे यावर उत्तर नव्हतं, कारण तारखा बरोबर होत्या. तारखा बरोबर असल्या की ते हतबल होतात. त्या रात्री गोदीत उशिरापर्यंत खळखळ झाली. गौरी जेवायच्या आत राक्षसाच्या मिठीत ईस्ट इंडिया कंपनीचं एक जहाज आलं, घाईत बांधलेलं, फुगीर पोटाचं, ज्यासाठी आयते बाकदार तुकडे चालले. गुराब सुरक्षित अंतरावरून नाळ रोखून बघत उभं राहिलं. गृहस्थ पुन्हा आले, समाधान पावले आणि प्रसाद घेऊन गेले. तेव्हापासून सरखेलांचं घर मात्र टीपॉयवर जेवायला लागलं, कारण दोन जहाजांना समुद्र दुप्पट लागतो.

आणि मग दिवाळी आली.

आमच्याकडे मुलं दरवर्षी किल्ला करतात. यंदा सिंधुदुर्ग ठरला. गोणपाट, दगडमाती आणि पलीकडच्या बांधकामावरून मागून आणलेल्या विटा, खऱ्या, तांबड्या, ज्यांच्यावर कुठलाच स्टड नसतो आणि ज्या कुठल्याही विटेवर बसतात. तटावर हळीव उगवले, सिंहासनावर महाराज बसले. म्होरकी होती पाचवीतली एक मुलगी. तिला सगळे किल्लेदार म्हणत. जलदुर्ग म्हटल्यावर आरमार हवं, एवढं तिला कळत होतं, आणि ते कुणाच्या घरात आहे हेही. शिष्टमंडळ वर गेलं. सरखेलांनी टाइप केलेल्या अटींचा कागद दिला. किल्लेदाराने तो न वाचता सही केली. मोठेपणी ही मुलगी खूप पुढे जाणार.

सरखेल आधी पाहणीला खाली उतरले, टेप घेऊन. मातीचा मावळा मोजला. पंधरा सेंटिमीटर. "हा तुमचा मावळा माझ्या मापात सहा मीटर उंच आहे," ते म्हणाले. "तो बुरुजावरून खाली उतरला तर गुराब काखोटीला मारून नेईल. हे चालणार नाही."

किल्लेदाराने नाक पुसलं. "काका, मावळा जवळ आहे. जहाज लांब आहे."

सरखेलांनी टेप गुंडाळला. पुन्हा उलगडला. मग खाली बसून एक डोळा मिटून किल्ल्याकडे, मग रिकाम्या जागेकडे पाहिलं. एक वर्ष नाळेवर घालवलेल्या माणसाला दृष्टिभ्रमाची ही सोय कधी सुचली नव्हती. ते काही न बोलता वर गेले आणि दोन्ही जहाजं ट्रेमध्ये घेऊन आले. राक्षस मात्र वर ठेवला. ओल्या मातीत सांधे जातात, असं कारण सांगितलं. जहाजं त्यांनी स्वतः निळ्या कापडावर मांडली, कोन लावला, आणि पार्श्वभूमीला लावायचा पुठ्ठा आणायला पुन्हा वर गेले.

मुलांनी तेवढ्यात किल्ल्यामागून टब काढला. निळा, पाण्याने भरलेला. समुद्र असताना कापड कशाला, असा त्यांचा विचार, आणि त्यात चूक काही नाही. आधी शत्रूचं जहाज सोडायचं ठरलं, कारण हल्ला शत्रूच करतो. तळ नाही, कणा नाही, कमरेखाली सगळं उघडं, आणि ते प्लास्टिक स्वतः पाण्यापेक्षा किंचित जडच. कंपनी सरकारचं जहाज क्षणभर तरंगलं, मग पुढून वाकलं आणि शिडांसकट सरळ खाली गेलं. पोरांनी ‘हर हर महादेव’ची जी गर्जना केली ती ऐकून सरखेल पुठ्ठा घेऊन जिन्यातून धावत आले.

मला वाटलं, आता या माणसाला धरायला लागणार. मी पुढे झालोही. पण सरखेल टबाशी उकिडवे बसले, बाहीवर पाणी जाऊ देत आत डोकावले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "आधी काय वाकलं? नाळ की डोलकाठी?"

"नाळ," तिघे म्हणाले.

"डोलकाठी," किल्लेदार म्हणाली.

"पुन्हा करून बघू," सरखेल म्हणाले.

पुन्हा केलं. चारदा केलं. चौथ्या वेळी मागचा भाग निखळून सुटे तुकडे तळाशी पसरले, काही सांडलेल्या पाण्याबरोबर चिखलात गेले. वहिनींनी वरून रव्याची चाळण टाकली. मुलं चिखल चाळत होती, सरखेल पाट्यावर मांडून मोजत होते, आणि मी त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा यादी हातात नसताना तुकडे मोजताना पाहिलं. यादी वर होती. ती रात्री जुळवायची होती.

रात्री अकराला त्यांनी माझं दार वाजवलं. चेहरा उतरलेला.

"किती गेले?" मी विचारलं.

"गेला एकही नाही. एक जास्त आहे."

ज्यांनी लेखापरीक्षकांबरोबर दिवस काढलेत त्यांना यातलं गांभीर्य कळेल. तूट समजू शकते. तुटीला कारणं असतात, माणसं असतात. वाढाव्याला कोण जबाबदार? त्यांनी तळहात उघडला. त्यावर एक गोल, पारदर्शक टिकली होती. मधाच्या रंगाची. थोडी उजळ नाही, थोडी गडद नाही.

आम्ही गोदीत गेलो. त्यांनी भिंग घेऊन टिकली दिव्याखाली फिरवली, बराच वेळ. "स्टडवर नाव नाही," ते म्हणाले. भिंग खाली ठेवलं. मग टिकली राक्षसाच्या रिकाम्या खाचेशी नुसती नेऊन पाहिली, टेकवली नाही. डोळे दोन झाले. राक्षस प्रथमच समोर बघायला लागला.

"हिला सांगू नका," सरखेल म्हणाले.

टिकली किल्लेदाराची निघाली. जत्रेत घेतलेल्या कसल्याशा सेटातली. सरखेलांनी दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येऊन चहाही न घेता खाली जाऊन ती परत दिली, आणि मग विकत मागितली. किल्लेदाराने ती मुठीत धरली आणि म्हणाली, पैसे नकोत, राक्षस द्या. कायमचा नको, तुळशीच्या लग्नापर्यंत. टबात. सरखेल म्हणाले, अख्खा देता येणार नाही, दोन हात देतो, अटींच्या कागदावर. किल्लेदाराने कागदाला नकार दिला आणि आठही हात मागितले.

तिसऱ्या मजल्यावरच्या ग्रिलमधून वहिनींचा आवाज आला, "आठ कसले मागतंस गो, दहा माग! माकुलाक दहा असतत!"

हे लिहीपर्यंत किल्लेदार सहावर उतरली आहे. सरखेल चारवर आहेत.